गाजराची पुंगी : खेळाडूंच्या निवडीत उंचीचे मोल



माझी हयात मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविण्यात गेली. तेव्हा खेळाडूंच्या निवडीसारखा विषय मी का घेतला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका शब्दात दडलेले आहे. ‘पारख’ हा आपला जुना शब्द. संस्कृत ‘परीक्षा’, प्राकृत ‘परिक्खा’ आणि त्यापासून मराठी ‘पारख’. नाणे खरे की खोटे हे ओळखणारा तो पारखी. मोजमाप कोणालाही करता येते. त्याला फीत पुरते. पारख करण्यास अनुभव लागतो आणि काळही लागतो. शिक्षकाचा अर्धा व्यवसाय पारख करण्याचाच असतो. म्हणून हा विषय क्रीडांगणावरचा असला, तरी तो वर्गातलाही आहे.

प्रश्न असा आहे. एखादा मुलगा वयाच्या मानाने ताडामाडासारखा वाढलेला आहे, पण खेळात अद्याप कच्चा आहे. त्याच्यापेक्षा कुशल मुले संघात आधीच घेतली गेली आहेत. शेवटची एक-दोन स्थाने उरली आहेत. ती या उंच मुलाला द्यावीत काय? दिली, तर पुढे त्याचे चीज होते काय?

१. शेवटच्या फेरीचा हिशेब

आपल्याकडे हा निर्णय क्रीडाशिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहून घेतात. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत मात्र त्याची एक रीतसर पद्धत आहे. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दरवर्षी होतकरू तरुण खेळाडूंतून सर्व संघ आळीपाळीने एकेक नाव उचलतात. मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना साधारणपणे आधी निवडण्याची संधी मिळते. सर्वांची एकेक निवड झाली की एक फेरी संपते. बर्फावरील हॉकीच्या तेथील राष्ट्रीय लीगमध्ये आता अशा सात फेऱ्या होतात; पूर्वी त्या अधिक होत. पहिल्या फेरीतील नावे सर्वांना ठाऊक असतात. शेवटच्या फेऱ्यांत जे उरतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना मुख्य स्पर्धेत नाव घेण्याजोगी कारकीर्द लाभत नाही.

अशा वेळी निवड करणारे काय म्हणतात? कौशल्य शिकविता येते, उंची शिकविता येत नाही. जे शिकविता येत नाही ते आधी घ्यावे, उरलेले आपण शिकवू. या विचारात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. शिवाय शेवटच्या फेरीतल्या निवडीला किंमत फार थोडी पडते. तेथे मध्यम खेळाडू घेतला, तर तो बहुधा मध्यमच राहणार. त्यापेक्षा ज्याच्या ठायी एक तरी असामान्य गोष्ट आहे, तो घेतलेला बरा. दहांतला एक जरी फळाला आला, तरी इतर नऊ जणांचा खर्च भरून निघतो.

आपल्या भाषेत या हिशेबाला फार नेमकी म्हण आहे : गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. संघाच्या दृष्टीने उंच आणि कच्चा मुलगा ही गाजराची पुंगी असते. ती वाजते काय, हे आधी पाहू. मोडून खाण्याचा भाग नंतर पाहू.

२. बर्फावरची साक्ष

या वादात सर्वांत आधी घेतले जाणारे नाव म्हणजे झ्देनो खारा. स्लोव्हाकियातील त्रेंचीन गावचा हा मुलगा, उंची ६ फूट ९ इंच. १९९६ साली न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाने त्याला तिसऱ्या फेरीत, ५६व्या क्रमांकावर निवडले. पुढे तो बचावपटूंमधील एक थोर खेळाडू झाला. २००९ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक त्याला मिळाला. २०११ मध्ये बोस्टनचा कर्णधार म्हणून त्याने स्टॅन्ले चषक जिंकला. आणि २०२२ मध्ये निवृत्त होताना १,६८० साखळी सामने त्याच्या नावावर होते, जो बचावपटूंमधील विक्रम आहे. उंचीचे समर्थक येथे थांबतात. आपण मात्र थोडे पुढे जाऊ.

पहिली गोष्ट, खारा निवडला गेला तो लगेच मोठ्या मैदानात उतरला नाही. तो एक हंगाम कॅनडातील कनिष्ठ स्पर्धेत खेळला. नंतरची काही वर्षे धडपडीची गेली. बर्फावर वळणे, मागे सरकणे, लांब हातपाय ताब्यात ठेवणे हे सारे त्याला कष्टाने साधावे लागले. त्याचे वडील ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले कुस्तीगीर होते. शरीर घडविण्याची शिस्त त्याला घरातूनच मिळाली होती. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. २००१ मध्ये आयलंडर्सने अलेक्सी याशिन या खेळाडूच्या मोबदल्यात खाराला ओटावा संघाला देऊन टाकले, आणि सोबत त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाचा हक्कही दिला. पारख झाली, पण ज्यांनी केली त्यांना फळ मिळाले नाही, कारण फळ पिकेपर्यंत थांबण्याचा धीर त्यांच्यापाशी नव्हता.

गोलरक्षकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. फिनलंडचा पेक्का रिने हा ६ फूट ५ इंच उंचीचा गोलरक्षक २००४ साली आठव्या फेरीत, २५८व्या क्रमांकावर नॅशव्हिल संघाने घेतला. ही फेरी आता अस्तित्वातही नाही. त्या संघाने त्याला सोडले नाही. तोही सारी कारकीर्द त्याच संघात राहिला आणि २०१८ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना चषक त्याने मिळविला. ६ फूट ७ इंचांचा बेन बिशप २००५ साली तिसऱ्या फेरीत सेंट लुईने निवडला. तो नावारूपाला आला, पण दुसऱ्या संघांकडून.

गोलरक्षकाला उंची अधिक का फळते, याचे कारण भूमितीत आहे. बर्फावरील हॉकीचा गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो. आजचा गोलरक्षक दोन्ही गुडघे टेकून पाय बाजूंना पसरतो आणि खालचा भाग बंद करतो. अशा स्थितीत बुटक्या माणसाच्या खांद्यांवर मोकळी जागा उरते. उंच माणसाचे धड ती जागाही झाकते. त्याला धावपळही कमी करावी लागते. म्हणजे येथे उंची हाच कौशल्याचा एक भाग होतो. आघाडीच्या खेळाडूची स्थिती उलट असते. त्याला क्षणात दिशा बदलायची असते, दाटीतून चेंडूऐवजी वापरली जाणारी ती रबरी चकती काढायची असते. तेथे लांब पाय उपयोगी पडण्याआधी अडचणीचे होतात. न्यूयॉर्क रेंजर्सने २०२० मध्ये सहाव्या फेरीत, १६५व्या क्रमांकावर मॅट रेम्पे या महाकाय आघाडीवीराला निवडले. तो २०२४ च्या फेब्रुवारीत मुख्य संघात आला आणि पहिल्याच सामन्यात, खेळ सुरू होताच झालेल्या मारामारीमुळे प्रसिद्ध झाला. तो खेळाडू म्हणून वाढेल की धिप्पाड देहाचा धाक म्हणूनच वापरला जाईल, यावर तेथील जाणकारांत मतभेद आहेत.

३. दोन उंच माणसे

बास्केटबॉल हा तर उंचांचाच खेळ. तेथील दोन उदाहरणे शेजारी ठेवली, तर पुष्कळ गोष्टी उमगतात.

मार्क ईटन हा ७ फूट ४ इंच उंचीचा अमेरिकन तरुण मोटारदुरुस्तीचे काम करीत होता. सायप्रस कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणारे आणि तेथील संघाला मार्गदर्शन करणारे टॉम लुबिन यांनी त्याला गॅरेजमध्ये पाहिले आणि पुन्हा खेळाकडे वळविले. पुढे विद्यापीठाच्या संघात त्याला फारसे खेळायला मिळाले नाही. तरी १९८२ मध्ये युटा संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतले. १९८५ आणि १९८९ अशी दोन वेळा तो लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला. १९८४-८५ च्या हंगामात त्याने एका सामन्यामागे सरासरी ५.६ फटके अडविले. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. पंजाबातील बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लोके या खेड्यातील सतनामसिंग भामरा, उंची ७ फूट २ इंच. लुधियानाच्या अकादमीत तो घडला, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेला आणि २०१५ मध्ये डॅलस संघाने त्याला दुसऱ्या, म्हणजे अखेरच्या फेरीत, ५२व्या क्रमांकावर निवडले. अमेरिकेच्या या लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्या दिवशी आपल्या वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले. परंतु मुख्य लीगचा एकही साखळी सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोन वर्षे दुय्यम स्पर्धेत काढून तो परतला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीच्या रंगमंचाकडे वळला.

उंची दोघांचीही असाधारण, निवड दोघांचीही उशिरा. फरक कोठे पडला? ईटनला एक काम नेमून मिळाले : गोलाखाली उभे राहा आणि फटके अडवा. ज्या काळी सतनामसिंग तेथे पोहोचला, त्या काळी हा खेळ बदलत होता. उंच माणसानेही दूर जाऊन नेम साधावा, वेगाने पळावे, अशी अपेक्षा होऊ लागली होती. एकाच उंचीचे मोल तीस वर्षांत बदलले. फीत तीच राहिली, बाजारभाव बदलला.

४. घरची उदाहरणे

आता आपल्या मातीतल्या गोष्टी. मुंबईचा वेगवान गोलंदाज ॲबी कुरुविला ६ फूट ६ इंच उंचीचा. उंच हातातून सुटलेला चेंडू टप्पा पडून अधिक उसळतो, म्हणून क्रिकेटमध्ये उंच गोलंदाजाचे आकर्षण सर्वत्र असते. परंतु कुरुविलाला भारताकडून कसोटी खेळण्याची संधी मिळाली ती १९९७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मुंबईकडून अनेक हंगाम खेळल्यावर. त्याच दौऱ्यात ब्रिजटाऊनला त्याने एका डावात ६८ धावांत ५ बळी घेतले. पण विजयासाठी १२० धावा हव्या असताना आपला संघ ८१ धावांत बाद झाला आणि त्या कामगिरीचे चीज झाले नाही. दहा कसोटी, पंचवीस बळी. आणि त्या दहाही कसोट्या एकाच वर्षातल्या. उंचीने त्याच्याकडे लक्ष वेधले असेल, पण त्याला टिकविले ते मुंबईच्या मैदानांवरील वर्षानुवर्षांच्या मेहनतीने.

मैदानी हॉकीत चेंडू जमिनीलगत असतो. खेळाडूला वाकून खेळावे लागते आणि उंच माणसाला अधिक वाकावे लागते. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. त्याची ओळख वेगाची, काठीच्या कसबाची आणि चिकाटीची. फीत घेऊन निघालेला निवडकर्ता त्याच्यापुढे थांबला असता असे वाटत नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान, या म्हणीला हॉकीने पुष्कळ पुरावे दिले आहेत.

त्याच खेळात गोलरक्षक मात्र १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच गोल राखतो. केरळचा उंचापुरा पी. आर. श्रीजेश बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या क्रीडाशाळेत दाखल झाला, तेव्हा त्याला हॉकी येत नव्हती. धावणे, लांब उडी, व्हॉलीबॉल असे त्याचे प्रयत्न चालू होते. मार्गदर्शकांनी त्याला गोलरक्षणाकडे वळविले. टोकियो आणि पॅरिस या दोन ऑलिंपिकमधील कांस्यपदकांपर्यंत तो पोहोचला, पण त्याला वीस वर्षे लागली.

आपल्या खो-खोची परंपरा तर गंमतीची आहे. त्यात किशोर गटात वयाबरोबर उंची आणि वजन यांची बेरीज पाहण्याची पद्धत होती. अमेरिकेत ज्या मुलाला उंचीसाठी उचलले असते, तोच येथे उंचीमुळे गटाबाहेर जाई.

५. पुरावा कसा वाचावा

या साऱ्या नावांतून निष्कर्ष काढताना एक सावधगिरी हवी. आपण नावे घेतो ती यशस्वी झालेल्यांची. खारा आठवतो, त्याच्यासारख्याच उंचीच्या, त्याच्यासारख्याच उशिरा निवडलेल्या आणि दोन वर्षांत घरी गेलेल्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. वाजलेल्या पुंगीचा आवाज गावभर ऐकू येतो, मोडलेल्या पुंगीला आवाज नसतो. म्हणून ‘खारा झाला, तेव्हा हाही होईल’ हे तर्कशास्त्र लंगडे आहे.

तरीही उदाहरणांतून काही खुणा स्पष्ट दिसतात. जेथे उंची हाच कामाचा भाग असतो, म्हणजे गोलरक्षण, फटके अडविणे, चेंडूला उसळी देणे, तेथे अशी निवड फळण्याचा संभव अधिक. जेथे चपळाई मुख्य, तेथे कमी. दुसरी खूण म्हणजे काळ. उंच शरीर उशिरा ताब्यात येते; तीन-चार वर्षे थांबण्याची तयारी नसेल, तर निवड न केलेली बरी. आणि तिसरी खूण म्हणजे माणूस. ईटनपाशी लुबिन होते, श्रीजेशपाशी क्रीडाशाळेतील मार्गदर्शक होते. केवळ निवड करून पुढे ‘पी हळद अन् हो गोरी’ अशी अपेक्षा ठेवली, तर हाती निराशाच येते.

तेव्हा संघासाठी उत्तर असे : शेवटच्या फेरीतील उंच मुलगा बहुधा फळत नाही, पण किंमत अल्प असल्यामुळे, योग्य जागा आणि धीर असेल तर, ही पैज वाईट नाही.

६. गाजर आणि मुलगा

हे झाले संघाचे गणित. मुलाचे गणित निराळे आहे. संघाला शेवटची निवड स्वस्त पडते. मुलाला ती स्वस्त पडत नाही. त्याची दोन-चार वर्षे जातात, शाळा मागे राहते, घरच्यांच्या आशा वाढतात. गाजराची पुंगी मोडून खाता येते, कारण गाजर हे गाजर आहे. मुलाच्या बाबतीत म्हणीचा उत्तरार्ध कोणी उच्चारत नाही, पण आचरतात पुष्कळ जण.

आपल्या देशात याचे एक मोठे उदाहरण घडले आहे. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली दूरदूरच्या भागांतून मुले निवडली. राजस्थानच्या आदिवासी भागातील लिंबाराम तेथून पुढे आला. तो धनुष्यबाण हाताळतच वाढला होता. चाचणीत त्याचा नेम पाहिला गेला, म्हणजे त्याची पारख झाली. १९८८ मध्ये तो सेऊल ऑलिंपिकला गेला. त्याच योजनेत सिद्दी समाजातील मुलेही निवडली गेली. पूर्वज आफ्रिकेचे, तेव्हा शरीर धावपटूचे असणार, ही त्यामागची धारणा होती. काहींनी पदकेही मिळविली. पण १९९३ मध्ये ती योजना बंद पडली आणि बहुतेक मुले अर्ध्या वाटेवरून घरी परतली. दोष त्यांच्या पायांचा नव्हता. शरीर पाहून निवडले, आणि फळ यायच्या आत सोडून दिले.

हे मी सायलीत बोलतो आहे, याला अर्थ आहे. दादरा आणि नगर हवेलीच्या या भूमीत वारली, कोकणा, धोडिया घरांतील मुले शिकतात. उंची काही अंशी आईबापांकडून येते हे खरे. पण ती गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत मिळालेल्या अन्नाचीही नोंद असते. या एक हजार दिवसांतली उपासमार पुढे भरून निघणे कठीण असते. म्हणजे आपण फीत लावतो, तेव्हा मुलाच्या गुणांबरोबर त्याच्या घरातील धान्याची कणगीही मोजत असतो. केवळ उंचीवर निवड केली, तर डोंगरउतारावर अनवाणी धावणारी, चपळ, काटक मुले आपल्या डोळ्यांसमोरून निघून जातील. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई अशा दोन्ही स्पर्धांत दहा हजार मीटर धावण्याची पदके घेऊन आली. तिच्यात काय आहे, हे कोणत्याही फितीने सांगितले नसते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानी ठेवावी. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात, मुली त्याच्या दीड-दोन वर्षे आधी. पण प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. आठवीत सर्वांत उंच असलेला मुलगा पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो, आणि बारावीत तो मध्यम उंचीचा दिसतो. मागे पडलेला मुलगा त्याच वेळी वर निघतो. म्हणून आठवीतली उंची हे भविष्य नव्हे. झपाट्याने वाढणारा मुलगा काही काळ धांदरटही होतो. हात कोठे, पाय कोठे, हे त्याचे त्यालाच उमगत नाही. त्या काळात त्याला हसणे हा अन्याय आहे आणि त्याच्यावर पदकाचे ओझे टाकणे हाही अन्यायच.

मग शाळेने काय करावे? उंच मुलाला अवश्य घ्यावे, पण त्याच्या उंचीला शोभेल असे काम देऊन घ्यावे. घेतले, तर निदान तीन वर्षे त्याच्यामागे एक शिक्षक उभा करावा. त्याचा अभ्यास सुटू देऊ नये, म्हणजे खेळ सुटला तरी आयुष्य सुटणार नाही. आणि जो बुटका मुलगा कडेला उभा राहून रोज चेंडू आणून देतो, त्यालाही वर्षातून एकदा मैदानात उतरवून पाहावे. दोन-तीन वर्षांत तो कदाचित डोके वर काढील, नाही काढले तरी धनराजच्या वाटेने जाईल.

माजी विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण आज कारखान्यांत, कचेऱ्यांत, पंचायतीत इतरांची निवड करण्याच्या जागी आहेत. चटकन दिसते ते घ्यावे, जमले तर ठीक, असा मोह तेथेही होतो. आपण घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने ती निवड शेवटच्या फेरीतील नसते. त्याच्यासाठी ती बहुधा एकमेव असते. एवढे स्मरण निवड करताना राहिले, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.